मदत हवी आहे: निकॉन झेड एट की झेड सिक्स थ्री? रंगमंचाच्या कमी उजेडात नॉइजची (फोटोतल्या दाण्यांची) तुलना नेमकी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी मुख्यतः रंगमंचावरचं नृत्य आणि नाटक टिपते. फ्लॅश चालत नाही, शटरचा आवाज चालत नाही, आणि उजेड कुठे किती पडणार हे प्रकाशयोजनाकार ठरवतो. नर्तकीचा हात हलायला नको असेल तर १/५०० सेकंदाचा शटर लागतोच. लेन्स एफ २.८ ची आहे, छिद्र त्याहून मोठं उघडत नाही. त्यामुळे आयएसओ (चित्र किती उजळ करायचं याचा आकडा) ६४०० हा माझ्यासाठी नेहमीचा आकडा, आणि प्रसंग काळोखा असेल तर १२८००.

आता नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यायची आहे. लेन्स निकॉनच्या झेड माउंटच्या आहेत, त्यामुळे ब्रँड बदलायचा सल्ला कृपया देऊ नका. निवड दोन बॉडींवर येऊन थांबली आहे: झेड एट (४५.७ मेगापिक्सेल) आणि झेड सिक्स थ्री (२४.५ मेगापिक्सेल).

अडचण अशी की ज्या पद्धतीने बघावं तसं उत्तर बदलतं. दोन्हींच्या फाइल १०० टक्के मोठ्या करून शेजारी ठेवल्या की सिक्स थ्री सरळसरळ स्वच्छ दिसते. त्याच फाइल एकाच आकारात आणल्या की फरक जवळजवळ नाहीसा होतो. डीपीरिव्ह्यू या कॅमेरा-परीक्षणाच्या साइटवरच्या स्टुडिओ सीनमध्ये (सगळ्या कॅमेऱ्यांनी काढलेल्या एकाच देखाव्यात) समान आकारात बघायची सोय आहे. सेन्सर मोजणाऱ्या डीएक्सओमार्क साइटचे ‘प्रिंट’ आकडे ८ मेगापिक्सेलवर आणून दिलेले असतात, आणि ‘स्क्रीन’ आकडे पिक्सेलमागे. कोणी कुठला आकडा उचलला हे न सांगताच बरेच जण वाद घालतात, आणि निवड करणाऱ्याचा गोंधळ होतो.

मला समजलेलं गणित मांडते, चुकत असेल तर सांगा. एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन पडले तर त्यात वर्गमुळाइतका, म्हणजे १०० चा चढउतार असतोच. हा झाला १ टक्का. १०० च फोटॉन पडले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. हा नॉइज प्रकाशाचा स्वतःचा आहे, कुठलीही कंपनी तो काढू शकत नाही. दोन्ही सेन्सर साधारण ३६ बाय २४ मिलिमीटरचे, म्हणजे छिद्र आणि शटर तेच ठेवलं तर एकूण प्रकाशही तेवढाच. ४५.७ ची फाइल लहान करून २४.५ वर आणली की नॉइज सुमारे १.३७ पट कमी होतो. इथपर्यंत मला पटतं.

खरी काळजी गडद भागांची आहे. काळा पडदा, त्यापुढे गडद वस्त्रं, आणि चेहऱ्यावर एकच स्पॉट. सावलीतून थोडं वर काढायला गेलं की प्रकाशाच्या नॉइजपेक्षा सेन्सरचा रीड नॉइज (पिक्सेल वाचताना इलेक्ट्रॉनिक्सने घातलेली भर) आणि पट्टे त्रास देतात. बारीक, एकसारखे दाणे मला अजिबात खटकत नाहीत. पडद्यावर उमटणारे आडवे पट्टे आणि जांभळे डाग मात्र फोटो वाया घालवतात. त्यात पिवळट दिवे असले की निळ्या चॅनेलला प्रकाशच मिळत नाही. व्हाइट बॅलन्स सुधारताना तोच चॅनेल गुणला जातो आणि त्यातला नॉइज फुगतो. एकसारख्या उजेडात काढलेल्या चाचणीच्या चित्रांत यातलं काहीच दिसत नाही.

सिक्स थ्रीबद्दल आणखी एक मुद्दा सतत वाचनात येतो: वेगासाठी घेतलेल्या अर्धवट स्टॅक्ड सेन्सरमुळे (ज्यात वेगाने वाचणारी सर्किट थराने जोडलेली असतात) तिची डायनॅमिक रेंज (सर्वांत गडद ते सर्वांत उजळ भाग टिपण्याची क्षमता) कमी आयएसओला आधीच्या झेड सिक्स टूपेक्षाही कमी भरते. मी १०० आयएसओला जवळपास कधीच नसते. मग हा मुद्दा माझ्या हिशोबात धरावा का?

दोन्ही बॉडी एका संध्याकाळपुरत्या भाड्याने मिळणार आहेत. तेवढ्या वेळात चाचणी कशी करू, म्हणजे नंतर शंका राहणार नाही?

प्रतिसाद

गणित बरोबर आहे. शेवटचा मुद्दा आधी संपवतो: सिक्स थ्रीची ती उणीव कमी आयएसओची आहे, ६४०० ला ती उरत नाही. निसर्गचित्रं काढणाऱ्याने तिचा विचार करावा, तुम्ही नाही.

चाचणीत एकच लेन्स दोन्ही बॉडींवर आलटून पालटून लावा. दोन एफ २.८ लेन्स तितकाच प्रकाश आत सोडतात असं समजू नका. सगळं मॅन्युअल ठेवा, आणि जुळवायचं ते छिद्र व शटर. आयएसओचा आकडा बॉडीगणिक थोडा सैल असू शकतो, कारण आयएसओ १२२३२ हे मानक उत्पादकाला तो ठरवण्याच्या एकाहून जास्त पद्धती देतं. उजळपणातला उरलेला फरक रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) उघडताना समान करा.

रॉ उघडतानाही सावध राहा. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगाचं नॉइज रिडक्शन आपोआप २५ वर असतं, ते दोन्हीकडे शून्यावर आणा. शार्पनिंगही शून्यावर. लेन्सच्या कडांचा काळोख भरून काढणारी दुरुस्ती बंद करा, ती कोपरे उजळते आणि तिथला नॉइजही वाढवते. मग दोन्ही फाइल तुम्ही प्रत्यक्ष देता त्या आकारात आणा आणि तेव्हाच तुलना करा.

पट्ट्यांसाठी वेगळी चाचणी घ्या. लेन्सवर झाकण लावून १/५०० ला ६४०० आणि १२८०० ची काळी फ्रेम काढा आणि ती तीन-चार स्टॉप उचला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजळ). काळ्या पडद्यावर पुढे जे दिसणार आहे ते तिथेच दिसतं.

प्रतिसाद

पट्टे दिसले की लगेच सेन्सरला दोष देऊ नका. एलईडी दिवे वेगाने उघडझाप करतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर ओळीओळीने वाचतं, त्यामुळेही आडवे पट्टे येतात. तो नॉइज नाही. झाकण लावलेल्या फ्रेममध्ये पट्टे नसतील आणि रंगमंचावर असतील तर कारण दिवे आहेत.

झेड एटला मेकॅनिकल शटरच नाही, पण तिचा सेन्सर साधारण १/२७० सेकंदात वाचून होतो. सिक्स थ्रीला मेकॅनिकल शटर आहे, पण तुम्हाला आवाज चालत नाही म्हणजे ते असून उपयोग नाही, आणि आवाजाविना तिचं वाचन झेड एटपेक्षा हळू आहे. तुमच्या कामात मी याला नॉइजच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्व देईन. दोन्हींत हाय फ्रिक्वेन्सी फ्लिकर रिडक्शन आहे, शटर अगदी बारीक टप्प्यांनी सरकवून पट्टे कमी करता येतात. चाचणीत तेही करून बघा.

प्रतिसाद

एक वेगळी सूचना. झेड एटमध्ये आयएसओ ५०० च्या आसपास सेन्सरचा दुसरा गेन (सिग्नल वाढवण्याची दुसरी पातळी) सुरू होतो. त्याच्या वर रीड नॉइज फारसा घटत नाही. म्हणजे तेच छिद्र, तेच शटर ठेवून १६०० ला काढलेली रॉ नंतर दोन स्टॉप उचलली तर ती ६४०० ला काढलेल्या रॉच्या अगदी जवळ जाते, आणि स्पॉटखालचा चेहरा जळत नाही. नॉइज वाढतो तो प्रकाश कमी पडल्यामुळे, आयएसओचा आकडा वाढवल्यामुळे नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो काळपट दिसेल एवढीच गैरसोय.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. झाकणाची युक्ती फार उपयोगी पडली.

दोन्ही बॉडी रंगीत तालमीला नेल्या आणि सांगितलं तसंच केलं. १२८०० ला, समान आकारात, सगळं नॉइज रिडक्शन बंद ठेवून, कोणती फाइल कुठल्या बॉडीची हे मला न बघता ओळखता आलं नाही. काळ्या फ्रेम दोन्हींच्या एकसारख्या दाणेदार निघाल्या, त्रास होईल असे पट्टे कुठेच नाहीत. निळ्या एलईडीत मात्र सिक्स थ्रीवर पट्टे आले. शटर सरकवून ते बरेच आटोक्यात आले, पण दिवे बदलले की पुन्हा सरकवावं लागत होतं, आणि प्रयोग चालू असताना तेवढी सवड मिळत नाही.

१६०० ला काढून उचलायचा प्रयोग झेड एटवर केला. पांढऱ्या स्पॉटखालच्या कपाळावरचा तपशील शाबूत राहिला, सावलीत काही बिघडलं नाही. हे आता कायम करणार.

आणखी एक गोष्ट तिथे लक्षात आली. सभागृहात माझी जागा ठरलेली असते, त्यामुळे मी क्रॉप फार करते. क्रॉप केल्यावर प्रकाश दोन्हींत सारखाच कमी होतो, पण झेड एट डीएक्स क्रॉपमध्येही (सेन्सरचा फक्त मधला लहान भाग वापरताना) १९ मेगापिक्सेल देते आणि सिक्स थ्री सुमारे १०. त्यामुळे झेड एट घेत आहे.

एकच विचारायचं राहिलं. एआय डीनॉइज वापरणाऱ्यांनी सांगा: नृत्यातल्या जरीच्या कापडावर त्याची मात्रा किती ठेवता? पूर्ण मात्रेवर मला जरीची वीण प्लॅस्टिकसारखी दिसते, आणि निम्म्यावर पडदा अजून दाणेदार वाटतो. पडद्याला आणि वस्त्राला मास्क लावून वेगवेगळी मात्रा देणारं कोणी आहे का?

प्रतिसाद

मी देतो. पूर्ण डीनॉइज केलेली प्रत खाली ठेवा, मूळ प्रत वरच्या थरावर, आणि मास्कने मूळ प्रत फक्त वस्त्रावर साधारण निम्मी उघडा. चेहऱ्यावर त्याहून थोडी कमी. पडद्यावर अजिबात नको.