गॅरंड अडकते म्हणून घरी कानस चालवावी का?

ओहायोकर
मंडळी, इकडे ओहायोत आमच्या नेमबाजीच्या रेंजवर काही मराठी लोक येतात, बहुतेकांकडे एम-१ गॅरंड ही जुनी अमेरिकी लष्करी रायफल आहे, आणि सध्या एकाच विषयावर वाद पेटलाय. एका मित्राची गॅरंड दोन-तीन राउंड झाले की अडकते. बोल्ट (काडतुसामागे पुढे-मागे सरकणारा तुकडा) पूर्ण मागे जातच नाही, त्यामुळे रिकामं काडतूस तरी फटीत अडकून बसतं नाहीतर पुढचं राउंड उचललं जात नाही. त्याला कोणीतरी सल्ला दिला की नळीतलं गॅसचं भोक ड्रिलने थोडं मोठं कर आणि रिसिव्हरमध्ये (बोल्ट ज्यात सरकतो ती मुख्य चौकट) जिथे घासतंय तिथे कानस मार.

माझं मत, जे सुटतं, पुसता येतं, बदलता येतं ते घरी बिनधास्त करा. पण रिसिव्हर आणि नळी यांचा धातू घरी काढू नका, कारण काढलेला धातू परत येत नाही.

गॅरंडमध्ये नळीच्या टोकाजवळच्या भोकातून गॅस खाली सिलिंडरमध्ये येतो, ऑप रॉडच्या (बोल्टला जोडलेली लांब दांडी) टोकाच्या पिस्टनला मागे ढकलतो आणि रॉड बोल्टला फिरवून मागे ओढतो. म्हणजे गॅस कुठे गळला किंवा रॉड कुठे घासला की झटका अर्धवट. आमच्या मित्राच्या रायफलीत पुढचा गॅस सिलिंडर लॉकचा स्क्रू हाताने फिरत होता! फायरिंगमध्ये तो ढिला होतो हे गॅरंडवाल्या सगळ्यांना माहीत असतं, तरी लोक ड्रिल आधी शोधतात. आणि ऑप रॉडच्या खाचेत ग्रीसचा पत्ता नाही, नुसतं पातळ तेल. ही रायफल ग्रीसवर चालते, तेल उडून जातं.

दुसरं, इतिहासच बघा ना. १९४० च्या सुमाराला या रायफली सातव्या गोळीला अडकायच्या. शोध घेतला तर रिसिव्हरच्या आतली गोळीला वाट दाखवणारी छोटी कड, मशिनिंगच्या सोयीसाठी कापली गेली होती. एवढुशी कड गेली आणि अख्खी क्लिप (एकत्र भरायचा काडतुसांचा जुडगा) चालेना, शेवटी वेल्ड करून ती भरावी लागली. स्प्रिंगफिल्ड आर्मरीच्या लोकांची ही गत, तर आपण गॅरेजमध्ये कानस घेऊन काय दिवे लावणार?

लेथवाला
साफ असहमत. माझं आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलंय आणि "धातूला हात लावू नका" हे ऐकलं की डोकं फिरतं. स्वतः जॉन गॅरंड मशिनिस्ट आणि टूलमेकर होता, हाताने काम करत करत शिकलेला माणूस. ज्याच्याकडे मायक्रोमीटर आहे आणि जो मोजल्याशिवाय काही करत नाही त्याला का अडवायचं?

पिस्टन नवीन असताना ०.५२६ इंच असतो, ०.५२५ च्या खाली गेला की बाद. सिलिंडरचं भोक ०.५३२ च्या वर गेलं की बाद. हे घरी मोजता येतं, त्याला गनस्मिथ कशाला. स्प्रिंग काढून बोल्ट आणि ऑप रॉड जागेवर ठेवा, रायफल (रिकामी, हे सांगायला नको) पुढे-मागे कलती करा, रॉड आपल्या वजनाने सरकायला पाहिजे. अडखळला तर दस्त्याचं लाकूड घासतंय का बघा, चकाकी किंवा काळा डाग दिसेल. तिथलं लाकूड पॉलिश पेपरने घ्या. खाचेत बारीक बर (धातूचा वर आलेला कंगोरा) असेल तर बारीक दगडाने उतरवा, पाच मिनिटांचं काम. आणि गॅरंड खरोखर कळणारे गनस्मिथ आता राहिलेत किती? जे आहेत ते महिनोन् महिने वाट बघायला लावतात आणि शेवटी हेच करून पैसे घेतात.

टेक्सासचा_तात्या
तुम्ही दोघंही रायफलीवरच अडून बसलाय, काडतूस कोणतं वापरलं हे कोणी विचारलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात हिला एम-२ बॉल हे लष्करी काडतूस मिळायचं, १५० ग्रेन वजनाची गोळी, आणि गॅसचा हिशेब त्याच्याच दाबावर बसवलेला. आता दुकानातून शिकारीची जड गोळीची .३०-०६ (गॅरंडच्याच मापाची) काडतुसं आणली, आत हळू जळणारं पावडर, की भोकापाशी दाब जास्त राहतो आणि ऑप रॉड वाकतो. वाकलेला रॉड घासतो, मग माणूस म्हणतो रायफल अडकते, भोक मोठं करा!! म्हणजे दुखण्यावर तेच दुखणं परत. आधी गॅरंडसाठी म्हणून भरलेली काडतुसं वापरून बघा, जड वापरायचीच असतील तर गॅसचा दाब कमी-जास्त करता येणारा अ‍ॅडजस्टेबल गॅस प्लग लावा, तो कधीही काढता येतो.

अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलीचं व्हिएतनाममध्ये काय झालं आठवा. सैनिक मरत होते आणि वर सांगितलं जात होतं की पोरं रायफल साफ करत नाहीत. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या इकॉर्ड समितीने चौकशी केली तेव्हा पुढे आलं की पावडर बदललं होतं, चेंबरला (नळीत काडतूस बसतं ती जागा) क्रोम नव्हतं, आणि साफसफाईचं सामानही पोरांकडे पुरेसं नव्हतं. कारण न शोधता दोष ठरवला की असं होतं, याची मला फार चीड आहे.

नेमबाज_ताई
मी ओहायोकर दादांच्याही एक पाऊल मागे आहे. "जे सुटतं ते घरी करा" हे नवख्याला सांगू नका प्लीज. बोल्ट उघडताना एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टरच्या (रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकणारे भाग) स्प्रिंगा टणकन उडतात, डोळ्यात गेली तर काय? आणि परत बसवताना चुकलं तर? या रायफलीची फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट जोरात बंद झाला की पिन प्राइमरला (काडतुसाच्या बुडातली ठिणगी टाकणारी टोपी) हलकी टेकतेच. प्राइमर वर राहिलेला असेल किंवा मऊ असेल तर चाप न दाबता गोळी सुटू शकते. आमच्याकडे घरात लहान मुलं आहेत, मी तर पहिल्यांदा जाणकाराकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यातलं काडतुसासाठीचं अंतर) मोजून घेतली आणि मगच हात लावला. पैसे गेले, पण झोप लागते.

सांगलीकर
वाचतोय नुसता. आपल्याकडे भारतात हा वादच होऊ शकत नाही, शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ मध्ये बनवण्यासोबत दुरुस्तीही येते, धंदा म्हणून करायची तर वेगळं लायसन्स. पण तात्यांचा मुद्दा इथेही लागू आहे. रेंजवर .२२ ची छोटी रायफल अडकायला लागली की पोरं आधी रायफलीला नावं ठेवतात, प्रत्यक्षात काडतुसाचा लॉट बदललेला असतो किंवा चेंबरमध्ये मेण आणि काजळी साचलेली असते.

ओहायोकर
लेथवाले, लाकडाचं मान्य. दस्ता दुसरा मिळतो, ऑप रॉड मिळतो, गॅस सिलिंडरही मिळतो. पण रिसिव्हर एकच, आणि त्याचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो. दगडाने तो थर गेला की खाली मऊ पोलाद, मग झीज वाढतच जाते. तुम्ही कुठे थांबायचं हे ओळखाल, व्हिडिओ बघून करणारा ओळखेल?

आणि एक जण काल रेंजवर म्हणाला की हॅमरचे (फायरिंग पिनवर आपटणारा भाग) चापाला अडकणारे हुकही घासून देतो, चाप हलका होईल. ते तर अजिबात नको! हुक झिजले की एका दाबात दोन गोळ्या सुटतात, शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या जिवाशी खेळ, वर अमेरिकेच्या १९३४ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती मशीनगन ठरू शकते.

ताई, स्प्रिंगचं पटलं, पण ऑप रॉडची स्प्रिंग बदलायला बोल्ट उघडावा लागत नाही, तेवढं तरी माणसाला शिकवूया. लांबी मोजायची, १९ इंचांच्या खाली असेल तर नवी टाकायची, किंमत फार नाही.

लेथवाला
हॅमरच्या हुकांबद्दल एक शब्द बोलणार नाही, तिथे तुमचंच बरोबर. गॅसच्या भोकाबद्दलही, ते मोठं करणं म्हणजे ऑप रॉडला रोज मार देणं. पण बर काढण्यावर मी ठाम आहे. बर म्हणजे वर उभा राहिलेला कचरा, तो काढल्याने कडक थराला काही होत नाही, आणि हा फरक लोकांना शिकवायचा सोडून घाबरवत बसलो तर ज्याला खरंच शिकायचंय तो त्या व्हिडिओवाल्याकडेच जाणार.

मित्राला सांगा स्क्रू घट्ट करून, ग्रीस लावून, तात्या म्हणतात ती काडतुसं घालून एक क्लिप मारून बघ. तरी अडकली तर पिस्टनचं माप इथे टाका, टोकाला दोन-तीन ठिकाणी मोजलेलं, एकाच ठिकाणी नाही, कारण झीज सगळीकडे सारखी नसते.