दोन महिन्यांत ५ किलो? आधी भागाकार तरी करा

वजनकाटा
पालकांच्या गटांत सध्या एक मजकूर फिरतोय : "मोबाइल काढून घ्या, रोज तासभर मैदानावर सोडा, दोन महिन्यांत ५ किलो उतरतील." चार दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

५ किलो चरबी म्हणजे साधारण ३८,५०० कॅलरी. ६० दिवसांनी भागा, रोजच्या ६४० येतात. दहा वर्षांचं, ३६ किलोचं पोर तासभर मनापासून पळालं तरी जास्तीच्या दीडशे-दोनशे जळतील, आणि परतताना गाडीवरचा एक वडापाव त्या सगळ्या भरून काढेल. शिवाय दहाव्या वर्षी वजन सहसा उतरवायचं नसतं, थोपवायचं असतं. उंची १३५ सेंमी, वजन ३६ किलो : बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १९.८. वर्षात उंची ६ सेंमी वाढली आणि काटा ३६ वरच राहिला, की तोच १८.१.

लगोरी
म्हणजे खेळूच नका? वा! शाळांनी पीटीचा तास गणिताला दिला, सोसायट्यांनी मोकळी जागा पार्किंगला दिली, आता तुमचा भागाकार वाचून आयाबाया म्हणतील, कशाला उन्हात पाठवायचं, ट्यूशनच लावू.

वजनकाटा
'खेळू नका' कुठे लिहिलंय ते दाखवा. खेळाचे फायदे शंभर आहेत, वजन उतरणं त्यात खालून दुसरं. इंग्लंडात प्लिमथला तीन शाळांतल्या मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारी यंत्रं लावली होती. एका शाळेत आठवड्याला ९ तास खेळ, दुसरीत २ सुद्धा नाहीत. दिवसाची एकूण हालचाल? जवळपास सारखीच. ज्यांना शाळेत खेळ कमी, ती पोरं घरी गेल्यावर हुंदडत होती. हे २००३ मध्ये छापून आलंय. २०१२ मध्ये पोरांची हालचाल वाढवण्याचे ३० प्रयोग एकत्र तपासले, तर हालचाल वाढली रोज जेमतेम ४ मिनिटांनी.

मधली_सुट्टी
आणि 'तासभर खेळला' म्हणजे काय, तेही बघा. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे ८ जण पाटीत बसलेले, एक पळतोय, समोरचे तिघे चुकवतायत. १२ पैकी ४ पळतात. क्रिकेट क्लासात वीस मुलं, एक नेट, रांग. घड्याळ लावून पळण्याची मिनिटं मोजा, तासाची पंधरा निघाली तरी खूप.

लगोरी
खो-खोवर बोलायचं काम नाही! बसलेला गडी बसलेला नसतो, खो मिळताच उकिडव्या बसणीतून सुसाट निघावं लागतं. मांड्या कशाने तयार होतात असं वाटतं तुम्हाला? आणि प्लिमथची गोरी पोरं इथे कशाला? पुण्यात मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिकांनी दाखवलंय, आपली बाळं जन्मतः २.७ किलोची, तिकडची ३.५ ची, तरी आपल्याकडे चरबी राखलेली आणि स्नायू कमी. बारीक दिसणाऱ्या पोराला हाडं-स्नायू कोण देणार, तुमचा काटा? जागतिक आरोग्य संघटना सरासरी रोज ६० मिनिटं सांगते, त्यात आठवड्यातले ३ दिवस हाडं-स्नायूंचा जोरकस व्यायाम. उड्या, लंगडी, दोरी, खो-खो.

वजनकाटा
घ्या, यावर भांडणच नाही. पण त्या मजकुरात यातलं एक अक्षर तरी आहे का? पोटावरची चरबी काट्यावर कळत नाही, टेपने कळते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, शर्ट वर करून, श्वास सोडल्यावर टेप लावा. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, १३५ सेंमीला ६७.५. बेंबीवरून पँटच्या पट्ट्यासकट मोजू नका.

पायीपायी
क्लास आणि मैदान यांत सगळे अडकलात. रोजचं चालणं कुणी मोजतच नाही. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किमीच्या आत धरलीय. जाऊन-येऊन २ किमी, अर्धा तास, फी शून्य. पण दारात व्हॅन लागते.

दप्तरदार
चालेल कसं? पाठीवर गाढवाचं ओझं. दप्तर अंगाच्या वजनाच्या दहा टक्क्यांत बसवायचं, तर ३६ किलोच्या मुलाला ३.६ किलो. रिकामी सॅक ८०० ग्रॅम, लिटरची भरलेली बाटली ११००, स्टीलचा डबा भाजी-पोळीसकट ५००. उरले १२००. दोनशे पानी वही पाव किलोच्या आसपास. चार वह्या, आणि पुस्तकाला जागा किती, तर २०० ग्रॅम!

पायीपायी
म्हणूनच बालभारतीने २०२३-२४ ला पुस्तकाचे चार भाग करून मध्ये कोरी पानं घातली होती ना?

दप्तरदार
घातली, आणि २०२५-२६ पासून काढली. पोरं वह्या आणतच होती, मग ती पानं म्हणजे नुसता जादा कागद.

मधली_सुट्टी
कारण शिक्षकांना वेगळी वही तपासायची असते. पुस्तकातल्या पानावर शेरा मारला आणि पुस्तक हरवलं, तर—

लगोरी
सगळं शिक्षकांवर ढकला! वह्यांची यादी शाळेच्या दुकानातून निघते. एका विषयाला वर्गपाठ, गृहपाठ, चाचणी अशा तीन.

वजनकाटा
अहो, धागा पोरांच्या वजनाचा होता.

दप्तरदार
मग काय, पोर ३६ वर थोपवायला तुम्हाला वर्ष लागणार. दप्तराचा एक किलो उद्याच उतरतो, बाटली रिकामी पाठवा. फक्त शाळेतला फिल्टर चालू आहे का ते आधी विचारा. आणि सॅकचा तळ ढुंगणाखाली लोंबत असेल तर पट्टे आवळा, नाहीतर पोर पुढे वाकून चालतं आणि चौकातच व्हॅन मागतं.