युवा-उपक्रमाच्या माहितीपत्रकात 'चारित्र्य घडवतो' असे लिहावे का?

पायवाट

नमस्कार. मी गेली चार वर्षे एका युवा-मंडळात स्वयंसेवक म्हणून काम करतो. ११ ते १६ वयाची मुले-मुली आठवड्यातून दोन संध्याकाळी येतात, वर्षातून एकदा आठ दिवसांचे निवासी शिबिर होते आणि नावनोंदणीच्या आधी पालकांसाठी एक माहितीपत्रक छापले जाते. यंदा ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जुन्या पत्रकाचे पहिलेच वाक्य 'आत्मविश्वास, शिस्त, नेतृत्व आणि चारित्र्य घडवणारा उपक्रम' असे आहे, आणि ते नव्या पत्रकात उतरवून घेताना माझा हात अडला.

अडण्याचे कारण म्हणजे त्या वाक्याशेजारचे छायाचित्र. कड्याच्या माथ्यावर दोन्ही हात उंचावून उभा राहिलेला एक मुलगा त्यात दिसतो. ते मीच काढले होते, त्यामुळे मला ठाऊक आहे की खाली प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली दोर धरून दोन मुली जवळजवळ वीस मिनिटे जागच्या हलल्या नव्हत्या, आणि छपाईच्या वेळी चौकटीत बसत नाहीत म्हणून त्या दोघींना कापण्यात आले. तो मुलगा शिबिरानंतर तीन आठवड्यांनी यायचा बंद झाला. त्या दोघी अजून येतात.

अशा उपक्रमांमुळे चारित्र्य घडते असे म्हणायला खरोखर काही आधार आहे का, आणि असल्यास तो पालकांसमोर कोणत्या शब्दांत मांडावा, हे मला जाणून घ्यायचे आहे. आमच्यासारखेच दुसरे एक मंडळ 'तीस दिवसांत मुलात बदल पाहा' असे छापते आणि त्यांच्याकडे जागा शिल्लक राहत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

खडूफळा

आपल्या पहिल्या प्रश्नाचे संशोधनातले उत्तर जाहिरातीला फारसे सोयीचे नाही. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेतील सुमारे ११ हजार शाळकरी मुलांना वेगवेगळ्या प्रसंगांत लबाडी करण्याची संधी देऊन पाहिले. परीक्षेत नक्कल करणारे मूल खेळात किंवा पैशांच्या बाबतीतही अप्रामाणिक असेलच असे त्यांना आढळले नाही. प्रामाणिकपणा हा माणसात कायमचा बसवलेला गुण असण्यापेक्षा बराचसा प्रसंगावर अवलंबून असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण त्यातली एक बाब मंडळ चालवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे : प्रामाणिकपणा वाढवणे हाच ज्या एका संघटनेचा प्रमुख हेतू होता, तिच्यात सदस्यत्वाचा काळ आणि मिळवलेली श्रेणी जितकी मोठी, तितकी लबाडी अधिक असा कल दिसला होता.

दुसरे उदाहरण याहून अस्वस्थ करणारे आहे. १९३९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये ५०६ मुलग्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला समुपदेशक, घरभेटी, अभ्यासात मदत, उन्हाळी शिबिरे असे सर्व काही अनेक वर्षे पुरवण्यात आले आणि दुसऱ्याला यातले काहीही दिले गेले नाही. सुमारे ३० वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्यांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना मदत मिळाली होती, त्यांच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांनी त्या उपक्रमाचा आपल्याला उपयोग झाला असे आपणहून सांगितले. परंतु पुन्हा गुन्हा करणे, मद्यासक्तीची लक्षणे, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू अशा काही निकषांवर ते दुसऱ्या गटापेक्षा मागे होते. १९९९ मध्ये झालेल्या पुढील विश्लेषणात हा तोटा विशेषतः एकापेक्षा अधिक वेळा उन्हाळी शिबिरांना पाठवलेल्या मुलांमध्ये दिसला, आणि शिबिरात मुले एकमेकांच्या वाईट वागण्याला दाद देतात हे त्याचे संभाव्य कारण मांडले गेले.

याचा अर्थ शिबिरे घातक असतात असा नाही, आणि त्यांतली बरीच मुले आधीच अडचणीत येण्याची शक्यता असलेली म्हणून निवडलेली होती, हेही विसरू नये. याचा अर्थ एवढाच की 'मला फार उपयोग झाला' हे समाधानी माणसाचे वाक्य पुरावा म्हणून छापता येत नाही. आपल्या जुन्या पत्रकात पालकांचे अभिप्राय असतील, तर मी सर्वांत आधी ते काढीन.

आधार आहे तोही सांगतो. जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये शाळेनंतरच्या उपक्रमांवरील अभ्यास एकत्र केले. ज्या उपक्रमांत कौशल्य पायरीपायरीने शिकवले जात होते, मुले ते स्वतः करून पाहत होती, त्यासाठी वेळ राखून ठेवला होता आणि आपण नेमके काय शिकवत आहोत हे ठरलेले होते, त्यांत परिणाम दिसला. ज्यांत तसे नव्हते, त्यांत दिसला नाही. मार्गदर्शक आणि मूल यांच्या जोड्यांवरील ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांच्या २००२ मधील अभ्यासात वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या नात्यांतून सर्वाधिक लाभ झाला, तर तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांनंतर मुलांचा स्वतःविषयीचा आदर कमी झालेला आढळला. तेव्हा तीस दिवसांच्या बदलाचे आश्वासन देणाऱ्या मंडळाला विचारण्याजोगा प्रश्न हा आहे की एकतिसाव्या दिवशी त्या मुलाबरोबर कोण असते.

सावलीचे झाड

मी दोन मुलांची आई म्हणून लिहीत आहे, अभ्यासक म्हणून नव्हे. खडूफळा यांचा प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु पत्रक हातात घेतल्यावर आमची नजर 'चारित्र्य' या शब्दावर थांबत नाही. प्रत्येकच पत्रकावर तो असतो, त्यामुळे तो दिसेनासा होतो. आम्ही शोधतो ते हे की मुलांसोबत कोणती मोठी माणसे असतील, किती मुलांमागे किती असतील, त्यांची पूर्वपीठिका कोणी तपासली आहे, एखादी मोठी व्यक्ती एकट्या मुलासोबत बंद खोलीत राहू शकते का, आणि काही वावगे घडले तर तक्रार नेमकी कोणाकडे करायची. आश्चर्य म्हणजे ही माहिती बहुतेक पत्रकांत नसतेच. ती विचारली की चालक थोडे दुखावतात, जणू आम्ही त्यांच्यावर संशय घेतला.

दुसरे असे की 'चारित्र्य' म्हटल्यावर पुष्कळ पालक मनातल्या मनात 'आज्ञाधारकपणा' असे वाचतात. मीही वाचले होते. मोठा मुलगा अशा एका उपक्रमातून परत येईल तेव्हा सांगितलेले ऐकेल, फोन बाजूला ठेवेल, उलट बोलणार नाही, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो तिथून अधिक प्रश्न विचारायला शिकून आला. घरातले एक जुने वेळापत्रक धाकट्यावर अन्याय करणारे आहे हे त्याने मला शांतपणे दाखवून दिले. मला त्या दिवशी राग आला होता, आणि पत्रकाने आपल्याला फसवले असेही वाटले होते. चारित्र्याचा असाही अर्थ होऊ शकतो हे कोणी आधी सांगितले असते, तर ते काही महिने आम्हा दोघांना सोपे गेले असते.

जुना गटनायक

चारित्र्य कसे घडते याविषयी मला एवढेच खात्रीने सांगता येईल की ते भाषणाने घडत नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे जे पहिले शिबिर घेतले, त्यात श्रीमंत शाळांतली आणि कष्टकरी घरांतली मुले एकत्र करून त्यांचे चार छोटे गट पाडले होते आणि प्रत्येक गट त्यांच्यातल्याच एका मुलाच्या हाती सोपवला होता. पुढे बिल्ले, गणवेश, वचने असे बरेच काही त्याभोवती वाढले, पण माझ्या मते सर्वांत टिकाऊ गोष्ट ती छोटी टोळी आणि तिचा नायकच आहे. मुलाच्या हाती खरी जबाबदारी द्यायची, म्हणजे ती पार पाडली नाही तर कोणाचे तरी खरोखर अडेल अशी, आणि मग मोठ्यांनी हात मागे बांधून उभे राहायचे. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

आमच्या गटात तंबूंचे सामान मोजून घेण्याचे काम तेरा वर्षांच्या एका मुलीकडे होते. एकदा तिने न मोजताच यादीवर खुणा केल्या आणि मुक्कामी पोचल्यावर एका तंबूच्या खुंट्या निघाल्याच नाहीत. सुटे खिळे माझ्या पिशवीत होते. मी ते काढले नाहीत. त्या रात्री सहा जणांना दाटीवाटीने झोपावे लागले आणि तिला आपल्या गटाला खरे काय ते सांगावे लागले. कोणी तिच्यावर ओरडले नाही, तेवढी काळजी मात्र मी घेतली. यात धोका नव्हता, फक्त गैरसोय होती, आणि या दोहोंतला फरक ओळखणे हेच मोठ्या माणसाचे काम असते असे मी मानतो. पुढच्या वेळी तिने यादी दोनदा तपासली. हे चारित्र्य की निव्वळ धडा, हे मला सांगता येणार नाही.

बिल्ल्यांविषयी एक सावधगिरी सुचवतो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या लहान मुलांना प्रमाणपत्र मिळेल असे आधीच सांगितले, आणि पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांची चित्रांतली रुची घटलेली दिसली. ज्यांना काही न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळाले, त्यांची घटली नाही. म्हणून पत्रकावर बिल्ल्यांची रांग छापताना आपण मुलाला काय विकत आहोत याचा विचार व्हावा. स्पर्धेचेही तसेच. १९५४ मध्ये मुझफ्फर शेरीफ यांनी ओक्लाहोमातील एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात सामने लावले, तेव्हा थोड्याच दिवसांत झेंडे जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्यांवर हल्ले करण्यापर्यंत मजल गेली. त्यांना नुसते एकत्र आणून ते वैर मिटले नाही. बंद पडलेला पाणीपुरवठा शोधणे, अडकलेला ट्रक ओढणे अशी दोन्ही गटांशिवाय न होणारी कामे दिल्यावर ते हळूहळू ओसरले. 'संघभावना' हा शब्द पत्रकात येणारच असेल, तर असे एखादे काम आपल्या वेळापत्रकात आहे का ते आधी पाहावे.

उलटतपासणी

सर्वांचे म्हणणे मान्य करूनही एक विरोधी मुद्दा मांडतो. मोठे शब्द काढून टाकले की पत्रक प्रामाणिक होते हे खरे, परंतु मग त्याच घरांतली मुले येतात ज्यांना असे उपक्रम आधीपासून ठाऊक असतात. ज्या पालकांनी स्वतः कधी शिबिर पाहिलेले नाही, त्यांना 'छोट्या गटांत जबाबदारी' या वाक्यातून काहीही बोध होत नाही, 'तुमचे मूल धीट होईल' यातून होतो. स्वतःची ओळख करून देणे हे पाप नव्हे, आणि संकोचापोटी कोरडे पत्रक काढणाऱ्यांनी ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्यांनाच दार बंद केलेले असते.

उपाय शब्दांबाहेर शोधावा असे मला वाटते. अमेरिकेत १९०२ च्या सुमारास ओहायोमध्ये ज्या मुलांच्या शेतकी क्लबांपासून पुढे 'फोर-एच' ही चळवळ उभी राहिली, त्यांना पालकांना पटवण्यासाठी वेगळी जाहिरात फारशी करावी लागत नव्हती, कारण मुलाने स्वतः पिकवलेला मका घरात आणि प्रदर्शनात दिसत होता. वडील माणसे नव्या बियाण्यावर विश्वास ठेवत नसत, मुलाच्या कणसावर ठेवत. आपल्या मंडळानेही वार्षिक समारंभाला पालकांना बोलावण्याऐवजी एखाद्या साध्या मंगळवारी बोलवावे. समारंभात सगळेच चांगले दिसतात.

पायवाट

सर्वांचे आभार. तीन दिवस कच्चा मसुदा पुन्हा पुन्हा लिहिला. 'चारित्र्य घडवणारा' काढून त्या जागी पुढील मजकूर ठेवला आहे : "आपल्या मुलाला येथे सात-आठ जणांच्या एका गटात वर्षभर राहावे लागेल आणि दर महिन्याला गटाचे एक काम त्याच्यावर सोपवले जाईल. ते काम कधी कधी बिघडेल, आणि सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तेव्हा आम्ही ते लगेच सावरणार नाही. तो घरी येऊन आपली बाजू मांडू लागला, तर ते आमच्याकडून आलेले असण्याची शक्यता आहे." शेवटचे वाक्य सावलीचे झाड यांच्यामुळे सुचले. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांना त्याचे हसू आले, पण त्यांनी ते कापलेले नाही. त्याखाली मोठ्या माणसांची संख्या, तपासणीची पद्धत आणि तक्रार कोणाकडे करायची ही माहिती ठळक अक्षरांत येईल, आणि पालकांचे अभिप्राय संपूर्ण काढले आहेत. उलटतपासणी यांच्या सूचनेप्रमाणे पालकांसाठी महिन्यातून एक नेहमीची संध्याकाळ खुली ठेवायचे ठरले आहे. 'तुमचे मूल धीट होईल' हे मात्र लिहवले नाही. 'धीट होण्याच्या संधी मिळतील' इथवरच मजल गेली.

छायाचित्राचा प्रश्न उरला होता. जुन्या फाइलमधून न कापलेले मूळ चित्र शोधून काढले आणि त्या दोन मुलींच्या पालकांकडे छापण्याची संमती मागितली. एका घराने लगेच दिली. दुसऱ्या मुलीच्या आईने आधी मुलीला विचारते असे सांगितले, आणि मुलीने नको म्हटले. तिचे म्हणणे असे की त्यात ती मान वर करून दोराकडे पाहत आहे, तोंड उघडे आहे आणि ती फार विचित्र दिसते. त्यामुळे यंदाच्या पत्रकावर छायाचित्र नसेल.