बैलाच्या डोळ्याचा नंबर काढता येतो का?

खिलारवाला: आमचा सहा वर्षांचा खिलार बैल महिन्याभरापासून दिवेलागणीच्या वेळी बुजू लागला आहे. दुपारी औताला सरळ चालतो. मात्र अंधारून आले की गोठ्याच्या उंबऱ्याशी अडखळतो आणि गव्हाणीच्या कडेवर तोंड आपटतो. डोळ्यांत फूल नाही, लाली नाही, पाणीही गळत नाही. माणसाला चष्म्याचा नंबर असतो, तसा जनावराला असतो का, आणि ज्याला अक्षरे वाचता येत नाहीत त्याचा नंबर काढतात कसा?

पशुनेत्र: असतो, आणि तो बैलाला काहीही न विचारता काढता येतो. जनावर खोड्यात उभे करून अर्धवट अंधारात रेटिनोस्कोपने प्रकाशाची पट्टी बाहुलीवरून सरकवतात. आतून परत येणारी चमक पट्टीच्याच दिशेने सरकते की उलट, हे पाहत डोळ्यासमोर एकेक भिंग धरले जाते, आणि ज्या भिंगाला चमकेची हालचाल थांबून सगळी बाहुली एकदम उजळते, त्यातून तपासणाऱ्याच्या अंतराचा हिशेब वजा करतात. ६७ सेंटिमीटरवरून पाहत असल्यास १.५ डायॉप्टर (भिंगाच्या नंबराचे एकक) वजा होतात. म्हणजे +१ च्या भिंगाला हालचाल थांबली, तर नंबर −०.५. पट्टी उभी आणि आडवी, दोन्ही बाजूंनी फिरवावी लागते, आणि तिरकस पाहिले तर नसलेला तिरपा नंबर दिसतो, म्हणून कासरा धरणारा माणूस शांत हवा. बैलाची बाहुली आडवी लांबट असून उजेडात तिची फट होते. उन्हात हे काम जमत नाही.

तरीही आपल्या बैलाचे दुखणे नंबरचे वाटत नाही. नंबर असता तर तो दुपारीही जाणवला असता.

गोठा_आणि_चारा: सहमत आहे. आधी साधी परीक्षा करावी: एक डोळा फडक्याने झाकून दुसऱ्यासमोर हात झटकन न्यावा आणि पापणी मिटते का ते पाहावे. हाताचा वारा लागला तर आंधळे जनावरही पापणी मिटते, हे विसरू नये. (लहान वासरांत ही परीक्षा निरुपयोगी, कारण हे मिटणे ती हळूहळू शिकतात.) मग वाटेत दोन पेंढ्या आडव्या ठेवून बैलाला दुपारी आणि तिन्हीसांजेला चालवावे.

हिरवा चारा कधीपासून बंद आहे?

खिलारवाला: गेल्या पावसाळ्यापासून केवळ जुना कडबा आणि थोडी पेंड आहे. काल पेंढ्या ठेवून पाहिले: दुपारी दोन्ही ओलांडल्या, सायंकाळी पहिलीवरच गुडघा टेकला.

पशुनेत्र: उन्हात वाळून जुन्या झालेल्या कडब्यात कॅरोटीन (ज्यापासून जनावराचे शरीर अ जीवनसत्त्व बनवते) जवळपास उरत नाही, आणि यकृतातला अ जीवनसत्त्वाचा साठा काही महिन्यांत संपतो. आपण सांगता ते रातांधळेपणाचे लक्षण आहे. जवळच्या पशुवैद्यांना डोळ्याचा पडदा दाखवून अ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनचे विचारावे, आणि मिळेल तसा हिरवा घास सुरू करावा. गोठ्यात वाढती वासरे असतील तर त्यांनाही आजच दाखवावे. त्यांच्यात कवटीचे हाड वाढून डोळ्याची नस आवळली गेली, तर ती दृष्टी परत येत नाही.