टेक्सासचं व्हर्जिनिया का झालं नाही?

प्रश्न: व्हर्जिनियात १९६४ नंतर थेट २००८ मध्ये डेमोक्रॅट उमेदवाराने अध्यक्षपदाची लढत जिंकली. वॉशिंग्टनलगतच्या उपनगरांतली नवी वस्ती हे कारण सांगतात. डेमोक्रॅटांकडे झुकणारे मानले जाणारे लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक) तर टेक्सासातही वाढले, मग तिथे तसं का नाही?

उत्तर १: लोकसंख्येतला वाटा म्हणजे मतांतला वाटा नव्हे. आधी १८ वर्षांखालचे वगळा, मग नागरिकत्व नसलेले. समजा उरलेल्यांत एक गट ३० टक्के आहे, त्याचं मतदान ५० टक्के, इतरांचं ७०. प्रत्यक्ष मतांत तो गट जेमतेम २३ टक्के भरतो.

उत्तर २: गणित बरोबर, पण गटाचा कल कायम धरला की अंदाज फसतो. टेक्सासातली स्टार काउंटी (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) जवळपास पूर्ण लॅटिनो. शंभराहून अधिक वर्षं डेमोक्रॅटांकडे, २०२४ मध्ये ट्रम्पकडे. वस्ती तीच!

उत्तर ३: म्हणून निकाल मतदान केंद्रनिहाय तपासा. वस्ती न बदललेल्या केंद्रांतही मतं सरकली असतील तर कारण स्थलांतर नव्हे. आणि बाहेरून येणारे सगळे डेमोक्रॅट हाही भ्रमच. २०१८ च्या सिनेट लढतीत एक्झिट पोलनुसार टेक्सासात जन्मलेल्यांत डेमोक्रॅट उमेदवार ओरूर्क पुढे होते, बाहेरून आलेल्यांत रिपब्लिकन क्रूझ.