मदत हवी आहे: व्हर्च्युअलबॉक्समधला डेबियन सर्व्हर खऱ्या मशीनवर कसा न्यावा?

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं छोटं टर्निंग शॉप आहे, जॉबवर्क करतो. चलन, इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि बिलिंगसाठी एका मुलाने प्रोग्राम लिहून दिला होता. तो आता पुण्यात नोकरीला लागलाय. फोन उचलतो, पण वेळ नसतो. (त्याचंही बरोबर आहे, हिशोब केव्हाच चुकता झालाय.)

प्रोग्राम डेबियन १२ वर (लिनक्सचा एक प्रकार) चालतो, आणि तो डेबियन ऑफिसच्या विंडोज १० पीसीवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे पीसीच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये (व्हीएम) आहे. त्याच पीसीवर टॅली, त्यावरच मेल. कुणी रीस्टार्ट केला की चलन निघत नाही आणि टेम्पो गेटवर उभा! विंडोज १० चा सपोर्टही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. म्हणून सर्व्हरसाठी वेगळा मिनी पीसी घेतलाय: २५६ जीबी एनव्हीएमई डिस्क, आणि बूट फक्त यूईएफआय (ईएफआय) या नव्या पद्धतीने, लेगसीचा म्हणजे जुन्या बायोस पद्धतीचा पर्यायच नाही.

व्हर्च्युअल डिस्क १२० जीबीची डायनॅमिक व्हीडीआय (व्हर्च्युअलबॉक्सची लागेल तशी वाढणारी डिस्क-फाइल) आहे, भरलेली साधारण एक तृतीयांश. वर जुने स्नॅपशॉट (आधीच्या स्थितीच्या जपलेल्या नोंदी) लटकलेले. सेटिंगमध्ये ईएफआयची टिक नाही. नेटवर्क ब्रिज्ड (व्हीएम थेट ऑफिसच्या नेटवर्कवर), आयपी स्थिर. मशीनपाशी ठेवलेले टॅब त्याच आयपीवर येतात.

व्हीडीआयची रॉ फाइल करून डीडीने (डिस्क जशीच्या तशी उतरवणारी कमांड) नव्या डिस्कवर उतरवली तर बूट होईल का?

प्रतिसाद १
नवीन डेबियन टाका, डेटाबेसचा डम्प घ्या, प्रोग्रामचा फोल्डर उचला. जुना संसार जसाच्या तसा कशाला न्यायचा?

धागाकर्ता
तेच करायचं होतं. पण क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) काय आहे, लेबल प्रिंटरचं काय केलंय, कुठे काय बसवलंय याची नोंदच नाही.

प्रतिसाद २
डीडीने उतरवलेली डिस्क तुमच्या मशीनवर बूट होणार नाही. व्हीएम बायोस पद्धतीने बूट होतो, त्यामुळे त्यात ईएफआय पार्टिशन नाही आणि ग्रबही (सिस्टिम सुरू करून देणारा बूटलोडर) बायोसवालाच आहे. डिस्क नेऊ नका, फायली न्या.

आधी व्हीएम चालू असतानाच गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सने व्हीएममध्ये टाकलेले ड्रायव्हर) काढा आणि नव्या मशीनच्या नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर पॅकेज टाका. व्हीएमला त्याची कधी गरजच पडली नाही, म्हणून ते तिथे नसणार. मग मिनी पीसीवर डेबियन १२ चं साधं इन्स्टॉलेशन करा. जीपीटी (डिस्कची पार्टिशन-रचना), ईएफआय पार्टिशन, फॉरमॅट सगळं इन्स्टॉलरच करतो. त्याची एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ते सांगणारी फाइल) बाजूला काढून ठेवा, ती सोन्यासारखी आहे.

आता दोन्हीकडे लाइव्ह आयएसओ (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) लावून बूट करा, व्हीएमलासुद्धा, आणि नेटवर्कवरून आरसिंकने (फायली कॉपी करणारी कमांड) रूट म्हणजे मुख्य पार्टिशन कॉपी करा. मालकी, परवानग्या, हार्डलिंक जपणारे पर्याय लावून. व्हीएमच्या आतून वाचल्यामुळे स्नॅपशॉटची कटकट उरत नाही, आणि डेटाबेस बंद असल्याने तोही अर्धवट कॉपी होत नाही. यानंतर नवी एफएसटॅब परत जागेवर ठेवा, सीएचरूट करून (लाइव्हमधूनच नव्या डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून) बायोसवाल्या ग्रबऐवजी ईएफआयवालं पॅकेज टाका, ग्रब इन्स्टॉल करा, इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल) नव्याने बनवा. यासाठी लाइव्ह आयएसओचा पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच बूट झालेला हवा.

बूट झाल्यावर नेटवर्क बंद दिसेल, घाबरू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये कार्डाचं नाव बहुधा ईएनपी०एस३ असतं, इथे दुसरं येईल. नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलमध्ये तेवढं नाव बदला, आयपी तोच राहू द्या. जुना व्हीएम मात्र त्या वेळी बंद हवा, नाहीतर एकाच आयपीवर दोघं भांडतील. महिनाभर तरी तो डिलीट करू नका.

धागाकर्ता
आता रस्ता दिसला, साप्ताहिक सुट्टीला बसतो. एकच शंका: लेबल प्रिंटर यूएसबीने व्हीएमला जोडलेला आहे. तो पुन्हा बसवावा लागेल का?

प्रतिसाद २
बहुतेक नाही. सीयूपीएस (लिनक्सची प्रिंटिंग व्यवस्था) यूएसबी प्रिंटर सहसा मॉडेल आणि सीरियल नंबरवरून ओळखतं, पोर्टवरून नाही. ऑफिस पीसीवरून केबल काढून मिनी पीसीला लावा आणि आधी एक टेस्ट लेबल काढून बघा.