मुदत संपली, तरी लायसन्सी (लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या परवानगीवर राहणारा) हलत नाही. कुलूप बदललं तर चुकलं कुठे?

चौथा_मजला:
लिव्ह अँड लायसन्स मार्चअखेर संपलं. आता जून उजाडला. माणूस सभ्य आहे, दारात गेलं की चहा विचारतो आणि म्हणतो, "काका, दिवाळीपर्यंत सांभाळून घ्या." पैसेही महिन्याला खात्यात येतात. पण मुलगा परत येतोय, फ्लॅट मला हवाय. माझं मत स्पष्ट आहे: मुदत संपली की हक्क संपला. तो गावी गेला की कुलूप बदलायचं, सामान पार्किंगमध्ये. कोर्टात वीस वर्षं घालवायचं माझं वय नाही.

कागदपत्र:
वीस वर्षांची भीती पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या, खटल्यांवरून आलीय, तुमची केस ती नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २४ वाचा. दिवाणी दावा नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज. समन्स मिळाल्यावर ३० दिवसांत त्याने शपथपत्र देऊन लढायची परवानगी मागायची. नाही मागितली, तर तुमचं म्हणणं मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. शिवाय मुदत संपल्यापासून दुप्पट दराने भरपाई. आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश तपासून बघा अशी विनंती.
आणि ते महिन्याचे पैसे? "भाडं मिळालं" अशी पावती देऊ नका. हक्क राखून, भरपाईपोटी घेतोय असं लेखी कळवा.

चाळकरी:
तुमचं बरंय हो, कलम २४. आमच्याकडे आजोबांच्या वेळचा भाडेकरू आहे. तिथे कलम १५ आणि १६. भाडं थकवलं तरी आधी नोटीस, मग ९० दिवस थांबा, मग दावा. समन्सनंतर ९० दिवसांत त्याने थकबाकी १५ टक्के व्याजाने भरली आणि पुढे भरत राहिला, की थकबाकीचा मुद्दा गेला. स्वतःला जागा हवी म्हणालं तर जास्त हाल कोणाचे होतील हे कोर्ट तोलून बघणार. मी म्हणतो, कुलूपच लावा!

दोन_बॅगा:
माझ्यावर लागलंय असं कुलूप. मुदतीला तीन आठवडे बाकी होते. ऑफिसमधून आले तर किल्ली फिरेना. आत आईची औषधं आणि गॅसवर झाकून ठेवलेला वरणाचा कुकर. पोलिसांना बोलवावं लागलं. काका, तुमचा माणूस चहा विचारतो, त्याला डिपॉझिटचा चेक दाखवून तारीख विचारलीत का एकदा? पुढच्या घराचं डिपॉझिट त्यातूनच भरायचं असतं आम्हाला.

चौथा_मजला:
डिपॉझिट जागा रिकामी झाल्यावर. आधी दिलं आणि नाही गेला तर?

कागदपत्र:
मग किल्ली आणि चेक एकाच टेबलावर. दोघांपैकी कोणीच आधी नाही.
कुलूपवाल्यांसाठी: जबरदस्तीने बाहेर काढलेल्याला विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावता येतो, आणि त्यात मालक कोण हे बघतच नाहीत. लायसन्सीचा 'ताबा' असतो का यावर वकील भांडतील, पण तोवर तुमच्या नावावर सामान गहाळ केल्याची तक्रार झालेली असेल. करार नोंदणीकृत आहे ना?

चौथा_मजला:
नोटरी केलाय. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, असं एजंट म्हणाला.

कागदपत्र:
झालं! भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ ला अकरा महिन्यांची सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे अटींबद्दल तो जे सांगेल ते धरलं जातं, खोटं ठरवायचं काम तुमचं. उद्या म्हणाला "मी भाडेकरू आहे", तर तुम्ही चाळकरींच्या रांगेत.

चाळकरी:
या, या. जागा आहे.

चौथा_मजला:
एजंट फोन उचलत नाहीये. नोटीस वकिलाकडूनच काढतो. चेकबुकही शोधतो. पण दिवाळी म्हणजे फारच झालं, गणपतीच्या आधी.